पिशवीचा घाट : कापडी पिशव्यांसाठी आतील थराची निवड

बाजाराला निघताना हातात कापडी पिशवी घेण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मांजरपाटाची, जुन्या धोतराची अथवा लुगड्याच्या जाड पदराची पिशवी घराघरांतील खुंटीला टांगलेली असे. मध्यंतरीच्या काळात प्लास्टिकच्या पातळ पिशवीने ती खुंटी रिकामी केली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यानंतर नाल्यांत साचलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालण्यात आली. केंद्र शासनाच्या नियमांनुसार एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तू १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाल्या. कापडी पिशवीला पुन्हा मागणी आली आणि ती पुरविण्याचे काम गावोगावच्या महिला बचत गटांनी मोठ्या उमेदीने हाती घेतले.

ही मागणी टिकवावयाची तर पिशवी टिकली पाहिजे, आणि पिशवी टिकणे म्हणजे केवळ ती न फाटणे नव्हे. पुष्कळ पिशव्या फाटण्यापूर्वीच निरुपयोगी ठरतात. भाजी भरताच तळ लोंबतो, कागदपत्रे ठेवली की बाजू कोलमडतात, खाली ठेवली की तोंड मिटते, एका धुण्यात कापडावर फोड येतात. अशी पिशवी माणूस दुसऱ्यांदा बरोबर घेत नाही. आणि जी दुसऱ्यांदा वापरली जात नाही, ती कापडाची असली तरी प्लास्टिकला पर्याय ठरत नाही. म्हणून पिशवीचा घाट कशाने टिकतो आणि त्यासाठी आत कोणता थर घालावा, हा विषय शिवणवर्गापुरता मर्यादित न राहता पिशव्यांची मागणी नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यांनी, प्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी आणि बचत गटांना काम मिळवून देणाऱ्या पंचायत सदस्यांनीही समजून घेण्यासारखा आहे.

एका मागणीपत्राची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने प्रशिक्षणार्थींना कागदपत्रे ठेवण्यासाठी कापडी पिशव्या देण्याचे ठरविले. काम एका बचत गटाकडे सोपविण्यात आले. पिशव्या वेळेवर आल्या. दिसायलाही नीटनेटक्या होत्या. परंतु दोन महिन्यांत तक्रारी येऊ लागल्या. धुतल्यावर बाहेरच्या कापडावर सुरकुत्या व फोड आले होते. तळाशी घातलेल्या पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. काहींच्या बंदांजवळचे कापड ओढले जाऊन तोंड वेडेवाकडे झाले होते. ‘काम निकृष्ट दर्जाचे झाले’ असा शेरा कागदावर आला आणि पुढील मागणी दुसरीकडे गेली.

गटाच्या अध्यक्षांना भेटण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. त्यांनी मागणीपत्राची प्रत पुढे ठेवली आणि शांतपणे विचारले, “साहेब, आत काय घालायचं ते या पत्रात कुठं लिहिलंय? दुकानदारानं जे स्वस्तात दिलं ते आम्ही घातलं. तुम्हीच सांगा, आमचं काय चुकलं?” पत्रात आकार होता, रंग होता, बोधचिन्ह कोठे व किती ठळक छापावे याबद्दल चार ओळी होत्या. पिशवीच्या आतल्या बाजूविषयी एक अक्षर नव्हते. ते पत्र प्रस्तुत लेखकानेच तयार केले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिंपी, शिवणशिक्षिका आणि पिशव्या शिवणाऱ्या भगिनी यांच्याकडून जे शिकायला मिळाले, ते पुढे मांडले आहे.

घाट येतो कोठून?

पिशवीचा घाट तीन गोष्टींवर अवलंबून असतो : बाहेरचे कापड, आतला थर आणि त्या दोहोंना एकत्र बांधणारी शिवण. बाहेरचे कापड पुरेसे जाड व घट्ट विणीचे असेल, उदाहरणार्थ जाड कॅनव्हास किंवा डक, तर साध्या पिशवीला आतला थर लागतच नाही. परंतु मांजरपाट, खादी, खण, इरकल, पैठणी किंवा साडीचे कापड वापरावयाचे झाल्यास घाट आतूनच द्यावा लागतो.

हे तत्त्व आपल्या घरातील गोधडीत पूर्वापार वापरले गेले आहे. जुन्या लुगड्यांचे मऊ थर नुसते एकावर एक ठेवले तर ते सरकतात, चुरगळतात. त्यांवर जवळजवळ धावदोरा घातला की तेच थर एकत्र वागू लागतात आणि गोधडीला अंग येते. यामागील नियम असा : समान जाडीचे दोन थर सुटे ठेवले तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे दुप्पट होतो, तेच थर पूर्णपणे एकजीव झाले तर जाडी दुप्पट आणि विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट होतो. कापडात हा हिशेब तंतोतंत उतरत नाही, कारण टाका थरांना जागोजाग धरतो, सर्वांगाने चिकटवीत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. वहीची पाने सुटी असताना सहज वाकतात; तीच एकमेकांना चिकटविली की पुठ्ठा होतो.

यावरून पहिला धडा मिळतो. पिशवी ताठ व्हावी म्हणून केवळ अधिकाधिक जाड अस्तर घालणे हा खर्चिक मार्ग होय. मध्यम जाडीचा थर बाहेरच्या कापडाशी नीट बांधला, तर कमी साहित्यात अधिक घाट मिळतो.

बाजारात मिळणारे थर

अस्तर आणि घाट देणारा थर यांत पुष्कळदा गल्लत होते. अस्तर हे आतील शिवणी झाकते व पिशवीला स्वच्छ आतली बाजू देते. ते पातळ असले तरी चालते. घाट देणारा थर अस्तर आणि बाहेरचे कापड यांच्या मध्ये बसतो. त्याचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

बकरम : विरळ विणीच्या सुती कापडाला खळ किंवा तत्सम द्रव्य देऊन कडक केलेले हे कापड स्वस्त असते व लहान गावातही मिळते. दुकानात हाताला लागणारा त्याचा कडकपणा अनेकदा खळीचा असतो आणि खळ पाण्यात विरघळते. म्हणून खळीचे बकरम धुवावयाच्या पिशवीस योग्य नाही. कोकणातील पावसाळ्यात तर ते न धुताही नरम पडते व त्यावर बुरशी धरण्याचा संभव असतो. न धुतल्या जाणाऱ्या शोभेच्या वस्तूंपुरताच त्याचा उपयोग करावा.

सुती कॅनव्हास व जाड मांजरपाट : यांचा ताठपणा खळीचा नसून विणीचा असतो, त्यामुळे तो धुण्यात टिकतो. मात्र सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. बाहेरचे व आतले कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटले की फोड येतात. दोन्ही कापडे कापण्यापूर्वी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घ्यावीत. हा थर शिवून लावावयाचा असल्याने श्रम थोडे अधिक पडतात. परंतु संपूर्ण पिशवी सुती राहते, हा त्याचा मोठा गुण आहे.

चिकटणारा थर : शिंपी यास ‘फ्यूजिंग’ म्हणतात. कापडाच्या एका बाजूस डिंकासारख्या द्रव्याचे बारीक ठिपके असतात. इस्त्रीच्या उष्णतेने ते वितळून बाहेरच्या कापडास धरतात. थर सर्वांगाने चिकटत असल्यामुळे पातळ फ्यूजिंगही चांगला घाट देते. याचे विणलेले व न विणलेले असे दोन प्रकार असतात. विणलेल्या प्रकारास उभा-आडवा धागा असतो, म्हणून तो बाहेरच्या कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवूनच कापावा. उरेब कापल्यास पिशवी एका बाजूस ओढली जाते. न विणलेला प्रकार कागदासारखा दिसतो, स्वस्त असतो आणि त्याच्या कडांचे धागे सुटत नाहीत. पण वारंवार घडी पडणाऱ्या जागी त्यावर कायमच्या चुण्या उमटतात.

फोम व भरण : पर्स, चष्म्याची पिशवी, लॅपटॉपची पिशवी यांना घाटाबरोबर गुबगुबीतपणा व आतल्या वस्तूला संरक्षण लागते. तेथे पातळ फोम किंवा पॉलिएस्टरचे भरण वापरतात. साधा पिवळसर स्पंज काही वर्षांत ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो, हे लक्षात ठेवावे. भरण वापरल्यास त्यावर गोधडीप्रमाणे चौकटीची किंवा तिरपी टीप घालावी. अन्यथा धुतल्यावर ते एका कोपऱ्यात गोळा होते.

तळाची पाटी : तळ सपाट राहावा म्हणून पुष्कळ जण पुठ्ठा घालून वरून शिवून टाकतात. ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. पुठ्ठा भिजला की गेला. त्याऐवजी तळाशी एका बाजूने उघडा असलेला खिसा ठेवावा आणि धुताना काढता येईल अशी पाटी त्यात सरकवावी. ती पाटी प्लास्टिकच्या जाड पत्र्याची असली तरी वर्षानुवर्षे वापरली जाते. प्लास्टिक मुळीच नको असेल तर जाड कॅनव्हासचे तीन-चार थर जवळजवळ टीप घालून बांधावेत. पाटीइतका नसला तरी पुरेसा ताठपणा येतो आणि ती पिशवीबरोबर धुताही येते.

‘कापडी’ म्हणजे काय?

येथे एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बाजारात मिळणाऱ्या कापडासारख्या दिसणाऱ्या, न विणलेल्या रंगीत पिशव्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी अशा पिशवीला प्लास्टिकची पिशवी मानून तिचे वजन चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असावे अशी अट घातली. हीच गोष्ट आतील थरालाही लागू पडते. न विणलेल्या फ्यूजिंगमध्ये बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे तंतू असतात. चिकटणारे ठिपकेही कृत्रिम द्रव्याचे असतात. फोम तर कृत्रिमच.

याचा अर्थ हे साहित्य वापरू नये असा नव्हे. पाच-सहा वर्षे वापरल्या जाणाऱ्या पिशवीत थोडे कृत्रिम साहित्य असणे आणि पाच मिनिटांत फेकल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीचा ढीग लागणे, यांत मोठे अंतर आहे. परंतु पिशवीवर ‘संपूर्ण सुती’ किंवा ‘पूर्णतः विघटनशील’ असे छापावयाचे असेल, तर आत सुती कॅनव्हासच असला पाहिजे. बाहेर एक आणि आत दुसरे, अशा वस्तूने ग्राहकाचा विश्वास जातो, आणि तो परत मिळविणे लहान गटाला फार जड जाते.

कामाप्रमाणे निवड

थर निवडताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पिशवीत काय ठेवले जाणार? ती किती वेळा धुतली जाणार? वापर नसताना तिची घडी घालावयाची आहे काय?

बाजाराची पिशवी वारंवार धुतली जाते, आणि तिची घडी दुसऱ्या पिशवीत किंवा दुचाकीच्या डिकीत बसली पाहिजे. तिला सर्वांगाने ताठ करणे चुकीचे होय. तिला घाट हवा तो फक्त तीन ठिकाणी : तळाला, तोंडाच्या कडेला आणि बंद जेथे शिवले जातात तेथे. समजा, पिशवी ३५ सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच व १० सेंटिमीटर खोल आहे. पुढची व मागची बाजू मिळून २,८०० चौरस सेंटिमीटर, दोन्ही कडांच्या बाजू मिळून ८०० आणि तळ ३५०, असे एकूण ३,९५० चौरस सेंटिमीटर क्षेत्र होते. तळ आणि तोंडाभोवतीची ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी एवढ्यालाच थर दिला, तर ३५० अधिक ४५० म्हणजे ८०० चौरस सेंटिमीटर थर लागतो. संपूर्ण पिशवीला लागणाऱ्या थराच्या सुमारे पाचव्या हिश्शात काम भागते आणि पिशवीची घडीही होते. बंदांच्या जागा या पट्टीतच येतात. तेथे चौकोन व त्यात फुलीची टीप घालावी, म्हणजे ओझे एका टाक्यावर न येता कापडावर पसरते.

कागदपत्रांच्या पिशवीची गोष्ट निराळी. तिची घडी क्वचितच घातली जाते. कागद वाकू नयेत म्हणून पुढची व मागची बाजू ताठ हवी. तेथे दोन्ही मोठ्या बाजूंना मध्यम जाडीचे विणलेले फ्यूजिंग किंवा शिवलेला सुती कॅनव्हास द्यावा. कडेच्या बाजू मात्र मऊ ठेवाव्यात, म्हणजे कागद अधिक झाले तरी पिशवी फुगून त्यांना जागा देते.

खण, इरकल, पैठणी अशा कापडांच्या पर्स आणि भेटवस्तूंच्या पिशव्या यांत बाहेरचे कापड नाजूक व महाग असते. रेशीम आणि जर यांना अति उष्णता सोसत नाही; आज खणाच्या नावाने विकले जाणारे कापड पुष्कळदा कृत्रिम धाग्याचे असते व कडक इस्त्रीखाली आकसते किंवा चिकटते. अशा कापडाला फ्यूजिंग थेट चिकटवू नये. ते आधी पातळ सुती कापडाला चिकटवावे आणि तो जोडथर बाहेरच्या कापडामागे शिवून घ्यावा. रेशमावर फोड येण्याचा धोका त्यामुळे टळतो.

तागाच्या पिशवीला स्वतःचे अंग असते. तिला बहुधा थर लागत नाही. तिची खरी अडचण कडांचे धागे सुटण्याची असते. आतल्या शिवणींवर सुती गोटपट्टी लावली की तीही दूर होते. किंबहुना कोणत्याही पिशवीच्या कडांच्या शिवणींत दोरी घातलेली गोटपट्टी बसविली तर ती सांगाड्याचे काम करते आणि आतला थर हलका असला तरी चालते.

घेण्यापूर्वी पारख

दुकानात हाताने दाबून पाहिलेला ताठपणा फसवा असतो. घाऊक खरेदीपूर्वी एक मीटर थर आणून पुढील तीन चाचण्या कराव्यात. कोणत्याही शाळेत अथवा घरी त्या करता येतात.

पहिली, वजनाची. कापडाचे व थराचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे मोजतात. १० सेंटिमीटर बाजूचे दहा चौरस कापून एकत्र तोलावेत आणि येणाऱ्या ग्रॅमना १० ने गुणावे. दहा तुकडे ८ ग्रॅम भरले, तर तो थर ८० ग्रॅमचा समजावा. दुकानदाराने सांगितलेला आकडा व आपला आकडा यांत किती अंतर आहे, हे यावरून कळते.

दुसरी, धुण्याची. बाहेरचे कापड व थर यांच्या स्वतंत्र तुकड्यांवर ५० सेंटिमीटर बाजूचा चौरस पेन्सिलीने आखावा. दोन्ही धुऊन, वाळवून पुन्हा मोजावे. ५० चे ४८ झाले, तर आटण्याचे प्रमाण शेकडा ४ झाले. दोघांचे प्रमाण जुळत नसेल तर कापण्यापूर्वी कापड धुऊन घेणे अपरिहार्य समजावे. त्याशिवाय थर लावलेला एक तुकडा तीन वेळा धुऊन पाहावा. फोड, सुटलेल्या कडा, गेलेला ताठपणा, जे काही बिघडावयाचे असेल ते येथेच दिसते.

तिसरी, वाकण्याची. १९३० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथील शर्ली संस्थेचे संशोधक एफ. टी. पीअर्स यांनी कापडाचा ताठपणा मोजण्याची एक सोपी रीत मांडली. कापडाची पट्टी सपाट पृष्ठभागावरून हळूहळू पुढे सरकवावयाची आणि तिचे लोंबते टोक ४१.५ अंशांच्या उतारास टेकेपर्यंत किती लांबी बाहेर आली ते मोजावयाचे. लांबी जितकी अधिक, तितके कापड ताठ. वस्त्रोद्योगात ही रीत आजही वापरली जाते. आपल्या तुलनेसाठी ४५ अंशांचा उतार पुरेसा आहे. ३० सेंटिमीटर बाजूचा चौरस पुठ्ठा कर्णावर कापावा. त्या त्रिकोणाची एक आखूड बाजू टेबलाच्या उभ्या कडेला लावून वरचे टोक टेबलाच्या पृष्ठभागाशी समपातळीत धरावे. अडीच सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब पट्टी टेबलावरून, पट्टीवर मोजपट्टी ठेवून, पुढे सरकवावी. टोक पुठ्ठ्याच्या तिरप्या कडेला आले की थांबून लांबी लिहून घ्यावी. धुण्यापूर्वी व तीन धुण्यांनंतर, अशी दोनदा नोंद करावी. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर थर विश्वासू आहे. दुसरा आकडा फारच उतरला तर तो ताठपणा खळीचा होता, असे समजावे.

कार्यानुभवाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून हे प्रयोग करून घेता येतील. मोजमाप, शेकडेवारी, कोन आणि घन या गणितातील गोष्टी त्यांच्या हातून एका उपयोगी कामात उतरतील आणि गावातील गटाला तयार तक्ताही मिळेल.

थर लावण्याची रीत

चांगला थरही वाईट रीतीने लावला तर फुकट जातो. फ्यूजिंग कापताना शिवणीसाठी सोडलेली माया वगळावी, म्हणजे शिवणी जाड होत नाहीत व सुई मोडत नाही. ठिपक्यांची, हाताला खरखरीत लागणारी बाजू कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवावी. वर किंचित ओलसर पातळ कापड पसरावे. इस्त्री फिरवू नये. एका जागी १० ते १५ सेकंद दाबून धरावी, उचलावी आणि शेजारी ठेवावी. इस्त्री फिरविल्याने थर सरकतो व चुण्या पक्क्या होतात. काम झाल्यावर तुकडा पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये, कारण वितळलेले द्रव्य थंड होतानाच पकड घेते. थंड झाल्यावर कोपरा नखाने उचलून पाहावा. सहज सुटला तर उष्णता, दाब किंवा वेळ कमी पडली. कडेने एक दाबटीप घालून ठेवली, तर पुढे चिकटपणा कमी झाला तरी थर जागचा हलत नाही.

मागणीपत्रात काय असावे?

कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती आपल्या कार्यक्रमांसाठी पिशव्या घेतात तेव्हा आकार, रंग व छपाई यांबरोबर पुढील बाबी लिहिण्याची प्रथा पडली पाहिजे : पिशवीचा उपयोग आणि तीत ठेवावयाचे अंदाजे वजन, बाहेरच्या कापडाचा प्रकार व दर चौरस मीटर वजन, आतील थराचा प्रकार, वजन आणि तो कोणकोणत्या भागांना द्यावयाचा, कापड कापण्यापूर्वी धुऊन घेण्याची अट, तळाची पाटी काढता येण्याजोगी असावी किंवा कसे, बंदांच्या जागेची टीप, आणि तीन वेळा धुतलेला एक नमुना मान्य झाल्यावरच पुढील काम सुरू करण्याची तरतूद.

मान्य केलेला एक नमुना कार्यालयाने व एक गटाने जपून ठेवावा. पुढे वाद उद्भवल्यास दोघांनाही त्याचाच आधार. अर्थात या अटींबरोबर दरही त्याप्रमाणे द्यावा लागेल. आत चांगला थर मागावयाचा आणि दर मात्र साध्या पिशवीचा ठेवावयाचा, असे केल्यास फरक गटातील भगिनींच्या मजुरीतून भरला जातो.

महिला आर्थिक विकास महामंडळ आणि महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान म्हणजेच ‘उमेद’ यांच्या माध्यमातून राज्यातील बचत गट प्रशिक्षण व बाजारपेठेशी जोडले गेले आहेत. प्रशिक्षणात शिवणकामाइतकेच साहित्याच्या पारखीला स्थान मिळाले, आणि मागणी करणाऱ्यांनी आपली गरज नेमकी लिहिली, तर या कामात मोठी सुधारणा होण्यास नवा निधी लागणार नाही.

ज्या गटाची हकिगत आरंभी सांगितली, त्या गटाकडे पुढे पुन्हा एकदा मागणीपत्र गेले. या वेळी त्यात आतल्या थरासाठी स्वतंत्र परिच्छेद होता. गटाने प्रथम एकच पिशवी शिवली, तीन वेळा धुतली आणि वाळवून कार्यालयात आणून टेबलावर ठेवली. आत काही नसताना ती उभी राहिली. अध्यक्षा म्हणाल्या, “साहेब, या खेपेला आधी धुऊन आणलीय. आता बघा आणि सांगा.” नमुना मान्य झाला. त्यांच्या पहिल्या कामावरील ‘निकृष्ट’ हा शेरा मात्र अद्याप त्या जुन्या कागदावर आहे. तो ज्याच्या पत्रामुळे पडला, त्याने निदान त्याचे कारण येथे नोंदवून ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.